ठेवायला दिलेले पाच शब्द

आमचे हे आता मराठी बोलत नाहीत. रुसलेत म्हणून नाही. रुसले असते तर मनवता आलं असतं, एवढ्या वर्षांच्या संसारात तेवढा सराव झाला आहे. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली, औषधांनी ती विरघळली आणि जाताना मराठी घेऊन गेली. राहिलं ते तमिळ. तेही पुस्तकातलं नाही, मदुरैच्या सराफ गल्लीतलं.

परवा प्रवीणच्या, म्हणजे माझ्या मुलाच्या, कंपनीतल्या मित्राची आई आमच्या साताऱ्याच्या घरी आली होती. तिच्या मालकांचं आयुष्य सैन्यात गेलं. आता विसरायला लागलेत, आणि त्यांना स्मरणशक्तीच्या चाचणीला बोलावलंय. "काय विचारत्यात वो त्यात?" तिनं असं विचारलं की जणू मी पास होऊन आलेय. सांगायला लागले आणि चहा उतू गेला. तिला अर्धवटच सांगितलं गेलं, म्हणून बाकीचं इथं लिहिते. मी आठवी शिकलेली बाई आहे, डॉक्टरी मला कळत नाही. जे डोळ्यांसमोर झालं तेवढंच सांगेन.

आम्ही गलाईवाले

तुम्ही देशातल्या कुठल्याही मोठ्या शहरात जा, सराफ गल्लीच्या मागच्या अंगाला विट्याकडचा एखादा माणूस भट्टीपाशी बसलेला सापडेलच. जुने दागिने वितळवायचे, त्यातलं हिणकस काढायचं, सोनं शुद्ध करून परत द्यायचं. याला आमच्यात गलाई म्हणतात. हे पोरवयात मामाचं बोट धरून मदुरैला गेले. तमिळ शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नाही. भाषा शिकले ती गिऱ्हाइकांशी भांडत आणि भट्टीवरच्या गड्यांशी हसत. मी माण तालुक्यातली. लग्नानंतर मदुरैला गेले आणि नळावरच्या बायकांकडून तमिळ शिकले. माझं तमिळ ऐकून तिथले लोक म्हणायचे, हिला भांडता छान येतं.

ह्यांची एक रीत सांगून ठेवते, कारण पुढं सगळं तिच्यावरच येऊन थांबलं. सोनं किती शुद्ध निघालं, त्याला टंच म्हणतात. ज्यानं सोनं आणलं, त्यालाच टंच सांगायचा. दुकानात तिसरं माणूस असेल तर हे गप्प बसायचे, ओठ मिटून गालात हसायचे. समोरचा कितीही मोठा सराफ असो. "कुणी काय ठेवलंय ते दुसऱ्याफुडं काढायचं न्हाई," एवढंच म्हणायचे. मलासुद्धा कधी सांगितलं नाही. मी विचारलं की तेच हसू.

लग्नघरातला दिवस

पुतण्याच्या लग्नाला म्हणून विट्याला आलो होतो. पाहुण्यारावळ्यांत आम्हा दोघांची एक सोय होती. कुणाविषयी काही बोलायचं असलं की तमिळमधून बोलायचं. अमकीची साडी, तमक्याचं पोट, जेवणात मीठ कमी, सगळं बिनधास्त. घरचे ओळखून होते. आमचं तमिळ सुरू झालं की जाऊबाई म्हणायच्या, "झाली बगा चहाडी सुरू."

त्या सकाळी चहाच्या वेळी हे जाऊबाईंशी तमिळमध्ये बोलले. त्या हसल्या. मग सख्ख्या भावाशी बोलले. तो म्हणाला, "आन्ना, आमाला बी शिकवा की जरा." सगळा ओटा हसला. मीही हसले. वाटलं, लग्नाच्या आनंदात चेष्टा चाललीय. मग ते माझ्याकडं वळले आणि तमिळमध्येच म्हणाले, "ह्यांना काय झालंय? कुणीच नीट का बोलंना?" ओठाचा एक कोपरा खाली आला होता, आणि कपातला चहा सदऱ्यावर ओघळत होता.

गाडी काढा, गाडी काढा, एवढंच ओरडत होते, आणि तेही तमिळमध्ये. माझंही बोलणं कुणाला कळेना.

सांगलीच्या दवाखान्यातलं जगणं

विट्यातल्या डॉक्टरांनी तिथूनच सांगलीला पाठवलं. आधी काचेपलीकडची खोली, मग वॉर्ड. वॉर्डात माणूस लवकर रुळतो, याचं मलाच नवल वाटलं. सकाळी फरशी पुसणारी बाई आली की पाय वर घ्यायचे. नंतर सिस्टर, नंतर मोठे डॉक्टर आणि त्यांच्यामागं शिकाऊ डॉक्टरांची रांग. ते आले की सगळे नातेवाईक उभे राहायचे. आम्ही त्यांच्या तोंडाकडं बघायचो, ते कागदाकडं बघायचे. शेजारच्या खाटेवर दहिवडीकडची म्हातारी होती. तिची सून माझ्या माहेरच्या अंगाची निघाली आणि रोज माझ्यासाठी एक बाजरीची भाकरी जास्त आणायला लागली. "खावा आक्का. तुमी पडला तर ह्यांची बोली कोन समजंल?" ती म्हणायची. तिचं खरं होतं. त्या अख्ख्या वॉर्डात ह्यांचं बोलणं मला एकटीलाच कळत होतं. पाणी हवंय, कूस बदलायचीय, लघवीला जायचंय, सगळं माझ्यातून जायचं. मी खाली गोळ्या आणायला गेले की मागं हे मुके व्हायचे.

लुळा पडलेला उजवा हात हळूहळू वळायला लागला. चालवलं की चालायचे. मराठी मात्र आली नाही. आपण बोललेलं थोडंफार कळायचं, उत्तर यायचं तमिळमध्ये. मोठे डॉक्टर म्हणाले, असं कधीकधी होतं, भाषेपेक्षा काळजी स्मरणशक्तीची आहे, ती तपासावी लागेल. डोकं शाबूत निघालं तर तुम्ही मदुरैला परत जा, दुकानात बसू द्या, बरंच वाटेल. नाही निघालं, तर आगीपाशी आणि तेजाबापाशी ह्यांना पाठवता येणार नाही. मुलाजवळच राहायचं.

आमचं सगळं जगणं आता त्या चाचणीवर टांगलं होतं.

'आपण सध्या कोणत्या राज्यात आहात?'

चाचणी घेणाऱ्या मॅडम चांगल्या होत्या, आवाज मऊ होता. पण कागदावरचं मराठी आमच्या घरात कधी राहायला आलेलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "आपण सध्या कोणत्या राज्यात आहात?" ह्यांनी मागं वळून पाहिलं, दुसरं कोणी आलंय का म्हणून. ह्यांना जन्मात कुणी 'आपण' म्हटलेलं नाही.

मला राहवेना. म्हटलं, "आवं, आपुन कुटं हाय आता?"

"आस्पत्री," ते लगेच म्हणाले. तमिळमध्ये दवाखान्याला तसंच म्हणतात.

मॅडम म्हणाल्या, "ताई, तुम्ही मध्ये बोलायचं नाही. मदत धरली जाते."

मग मी पदर तोंडात धरून बसले. एकामागून एक प्रश्न गेले. ह्यांच्या तोंडावर पाहुण्यांसमोर असतं तसं ओशाळं हसू होतं. माझ्या नवऱ्याची जीभ बांधून त्याला बोल म्हणत होते, आणि मला सोडवायची परवानगी नव्हती. मला इतका राग आला होता की कागद हिसकावून घ्यावासा वाटला. चाचणी संपली तेव्हा मॅडमनी मान हलवली. ती मान मी ओळखते, गिऱ्हाइकाला सोनं खोटं निघालं हे सांगताना हे तशीच हलवायचे.

प्रवीण

प्रवीण शाळेच्या वयाचा झाला तसा त्याला सासूबाईंकडं गावी ठेवला होता. गलाईवाल्यांच्या घरांत असंच असतं, मुलांची मराठी शाळा आणि आजीचा हात. बाप, त्याला तो दादा म्हणतो, सणाला आणि यात्रेला यायचा, एरवी फोनवर. त्याला तमिळचं अक्षर येत नाही.

चाचणीनंतर मी बाहेर बाकावर तावातावानं बोलत होते. कागदच चुकीचा, प्रश्नच चुकीचे. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "आई, किती येळ कागदाला शिव्या देणार हायस? मला बी दिसतंय की. काल दादांनी माझा हात धरला आन् लय वेळ कायतरी बोलत व्हते. मला एक शब्द कळला न्हाई. सगळा जलम फोनवर बोललो. आता शेजारी बसल्यात तर..."

एवढा दांडगा पोरगा, तोंड भिंतीकडं करून रडला. मला उठून त्याच्यापाशी जायला हवं होतं, पण मी बाकावरच बसून राहिले. दोघांच्या मध्ये मी, आणि दोघांनाही पुरी पडत नव्हते.

सेल्वी

त्या आठवड्यात शिकाऊ डॉक्टरांच्या रांगेत शेवटी एक सावळी, लांब वेणीची मुलगी नव्यानं यायला लागली. सेल्वी तिचं नाव. ती तिकडचीच, मदुरैजवळच्या गावातली. हे कळलं त्या दिवशी मी तिला भररस्त्यात हरवलेलं लेकरू सापडावं तसं धरलं. तिनं मोठ्या डॉक्टरांना सांगून तमिळमधली चाचणी मागवली.

आता सुटलो, असं वाटलं. तिनं कागद धरला आणि छापलेलं वाचायला सुरुवात केली. "तांगळ तर्पोळुदु एन्द इडत्तिल इरुक्किरीर्गळ?" म्हणजे, आपण सध्या कोणत्या ठिकाणी आहात. टीव्हीवरच्या बातम्या किंवा सभेतलं भाषण असतं तसं तमिळ. तिकडं लिहायची भाषा वेगळी आणि बोलायची वेगळी, आणि दोन्हींतलं अंतर आपल्यापेक्षा कितीतरी मोठं. मला स्वतःला त्यातलं निम्मं कळत नव्हतं. हे मात्र सावरून बसले. हात जोडून, मान डोलवत सगळं ऐकून घेतलं, आणि ती थांबल्यावर मनापासून म्हणाले, "नल्ला पेसुनींग." छान बोललात.

सेल्वीला हसू आवरेना. मलाही. त्या दवाखान्यात मी पहिल्यांदा हसले, आणि हसता हसता डोळे भरून आले, कारण कागदावर पुन्हा भोपळाच होता.

"अगं बाळा, असं कोन बोलतं मदुरैत?" मी तिला तमिळमध्येच म्हटलं. "तू तुझ्या आईशी असं बोलतीस?"

"आई हाकलून देईल," ती म्हणाली. "पण छापलंय तसंच वाचायचं असतं, अम्मा. शब्द बदलले तर गुण धरता येत नाहीत."

दोन दिवस मी तिच्या आणि मोठ्या डॉक्टरांच्या मागं लागले. शेवटी डॉक्टर तिला म्हणाले, गुण बाजूला ठेवू, तुझ्या बोलीत विचारून बघ, आम्हाला अंदाज तरी येईल. त्या दिवशी सेल्वीनं स्वतःच्या डब्यातला दहीभात आणला होता. ह्यांनी बोटं चाटून खाल्ला. घास गिळताना डोळे मिटले तेव्हा वाटलं, हा माणूस सगळा आत आहे, कुणीतरी फक्त दार उघडायला हवं.

दार उघडलं तेव्हा

"इप्पो एंग इरुक्कींग?" सेल्वीनं विचारलं. आता कुठं आहात? नळावर विचारतात तसं, सोपं.

"आस्पत्रीले," हे म्हणाले. दवाखान्यात.

हे गाव कुठलं, तर मदुरै. मी मनात म्हटलं, एवढी वर्षं तिथं काढली, असं येणारच तोंडात. चित्रातले प्राणी पटापट ओळखले. शंभरातून सात काढत जा म्हटल्यावर तिनं श्वास घ्यायच्या आत चार उत्तरं दिली. मी प्रवीणकडं अशी बघत होते की बघ, सांगत नव्हते? प्रवीणही खुर्चीच्या कडेला आला होता. मोठे डॉक्टर भिंतीला टेकून उभे होते, त्यांच्या कपाळावरची आठीही जरा सैल झाली.

मग सेल्वी म्हणाली, "मी पाच शब्द देते. तुमच्याकडं ठेवा. थोड्या वेळानं परत मागेन." कागदावर कावळ्याला 'कागम' छापलं होतं, ती 'काक्का' म्हणाली. किल्ली, कावळा, नारळ, दोरी, पाऊस. ह्यांनी पाचही तिच्यामागोमाग म्हटले, दोनदा, बिनचूक. मग तिनं दुसरं काहीबाही विचारलं आणि थोड्या वेळानं म्हणाली, "आता सांगा. मघाशी मी काय दिलं होतं?"

ह्यांनी खोलीभर पाहिलं. डॉक्टर, प्रवीण, मी, चाचणीवाल्या मॅडम. ओठ मिटले आणि गालात हसले.

सेल्वीनं परत विचारलं. तेच हसू.

चाचणीवाल्या मॅडमनी पेन उचललं. मी खुर्चीवरून उठलेच. ते हसू मला माहीत होतं! आख्खा संसार त्या हसण्यासमोर काढला होता मी. मराठी, तमिळ, हिंदी, येईल ते मिसळून सगळ्यांना समजावलं. ती म्हणाली, तुमच्याकडं ठेवा. ह्यांच्याकडं कुणी काही ठेवलं, की हे चारचौघांत बोलत नाहीत. ज्यानं ठेवलं त्यानंच एकट्यानं मागायला यायचं. "तुमी समदी बाहेर चला. तिला एकटीला इचारू द्या. सांगतील ते, मी सांगते ना."

मोठे डॉक्टर खरंच बाहेर आले. हे त्यांचे उपकार मी विसरणार नाही. दार लोटलं. आम्ही सगळे बाहेर उभे. प्रवीणनं माझा हात घट्ट धरला होता. मला खात्री होती. देवाच्या पाया पडावं तशी खात्री.

सेल्वी बाहेर आली तेव्हा ती माझ्याकडं बघेना.

"सांगितलं?" मी विचारलं.

तिनं नाही म्हणून मान हलवली. "ते म्हणाले, 'नींग ओण्णुम कुडुक्कलैयेम्मा.'"

तुम्ही तर काहीच दिलं नाही, बाई.

"मी म्हटलं, पाच शब्द दिले होते. तर घाबरले, अम्मा. म्हणाले, मी कुणाचं काही ठेवून घेत नाही, गल्लीत कुणालाही विचारा. दिलं असतं तर परत केलं असतं." मग हळूच म्हणाली, "मी त्यांना चोर म्हणतेय असं वाटलं त्यांना."

आत गेले तेव्हा हे सदऱ्याचे खिसे उलटे करून बघत होते.

त्यानंतर

परवा आलेल्या त्या बाईला आणि तिच्यासारख्या सगळ्यांना माझं सांगणं एवढंच. आपल्या माणसाला त्याच्या बोलण्यातल्या भाषेत विचारायला लावा. भांडा, मागं लागा, लाज धरू नका. 'आपण सध्या कोणत्या राज्यात' म्हटल्यावर गप्प बसणारा माणूस रिकामा झालेला असतोच असं नाही. पण हेही सांगते की भाषा बरोबर मिळाली म्हणजे उत्तर बरोबर येईल असं धरून चालू नका. भाषा चुकीची होती तोवर मला भांडायला कागद होता. मराठी कागद, मग तमिळ कागद. सेल्वीनं विचारलं त्यानंतर भांडायला कुणीच उरलं नाही. माझ्यासाठी सगळ्यांत वाईट दिवस विट्याचा नव्हता, हा होता.

आम्ही मदुरैला गेलो नाही. भट्टी पुतण्यानं चालवायला घेतली. आम्ही इथं साताऱ्यात, प्रवीणकडं. तो कामावरून आला की माझ्यापाशी बसून चार-दोन तमिळ शब्द घोकतो. साप्टींगळा, म्हणजे जेवलात का, एवढं त्याला जमतं. बापाला तो ते रोज विचारतो, आणि बाप रोज पाहुण्याला सांगावं तसं आदरानं उत्तर देतो. प्रवीणला ते पूर्ण कळत नाही, तरी मान हलवतो.

हात सुधारलाय. जिना चढतात. कालचं आज राहत नाही, सकाळचं दुपारी राहत नाही. सूनबाईचं नाव राहत नाही. राहिलं ते नेमकं एकच, कशानं राहिलं देव जाणे. जेवायला बसवलं की त्यांचा हात खिशाकडं जातो. एक मुलगी काहीतरी ठेवून गेलीय आणि ते सापडत नाही. काय ठेवलं होतं ते माहीत नाही, पण परत द्यायचंय. ताटावरून उठतात, उशीखाली बघतात, माझी पिशवी उघडतात. सुरुवातीला मी समजावायची, अहो, शब्द होते ते, पाच शब्द, किल्ली नि कावळा, त्याला कोण मागायला येतंय. त्यानं ते जास्तच घाबरायचे. मग एक दिवस मी म्हटलं, ती मुलगी आली होती, तिचं तिला देऊन टाकलं.

ते थांबले.

"एडै पोट्टु कुडुत्तिया?" त्यांनी विचारलं. वजन करून दिलंस ना?

"हो," मी म्हटलं. "वजन करून दिलं. पुरं भरलं."

तेव्हा कुठं ते ताटावर बसले. आता हे रोजचं झालंय. रोज ते विचारतात, आणि रोज मी वजन करून देते. मग जेवतात.